दोन बोटं सैल

वर्धा जिल्ह्यात भर मे महिन्यात थंडी वाजणारा माणूस एकच आहे, आणि तो सिंदी मेघेत माझ्या स्टेशनरीच्या शेजारी होजियरीचं दुकान चालवतो. बाहेर डांबर पाघळत असतं, गिऱ्हाईक घामाने निथळत असतं आणि आमचे होजियरीवाले काका गळ्यात मफलर गुंडाळून त्याला बनियन दाखवत असतात. कारंज्याला एका उन्हाळी लग्नात त्यांनी मांडवातला मोठा कूलर गुपचूप बंद केला होता. वरपक्ष उठून जायच्या बेतात आला, पण काकांना पश्चात्ताप म्हणून नाही. "घाम सुकून जाते बाप्पा, सर्दी महिनाभर राह्यते," असं त्यांनी खुद्द नवरदेवाला समजावलं.

त्यांचा दुसरा हट्ट मापाचा. गिऱ्हाइकाने कपडा अंगात घातला की काका त्याच्या गळ्यापाशी दोन बोटं सरकवतात. बोटं सहज फिरली तरच विक्री. कपडा धुतल्यावर आटतो आणि आटला नाही तर माणूस वाढतो, हे त्यांचं शास्त्र. पाचवीत त्यांनी मला दिलेला स्वेटर दहावीत अंगाला नीट बसला, तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, "पायलं? म्या तवाच सांगतलं होतं." स्वतःच्या लेकीलाही त्यांनी कायम ढगळेच फ्रॉक घातले. एकुलती एक लेक. ती कॉलेजात असतानाच त्यांनी दुकानाच्या पाटीवर 'आणि कन्या' असं रंगवून घेतलं होतं. पण कन्या गेली अंदमानला, आणि तिथे लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायची नोकरी करू लागली. पाटी तशीच राहिली. काका त्याबद्दल बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

मग मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "बाबा, मी काय करून राह्यली ते एकदा पाण्याखाली येऊन तर पाहा." तिसऱ्या दिवशी काका डॉक्टरकडे जाऊन कान, छाती, हृदय सगळं तपासून आले आणि म्हणाले, "जातो." खरी भीती त्यांना माशांची नव्हती, बुडण्याचीही नव्हती. "अर्धा तास खाली राहा लागते म्हणते. हुडहुडी भरली तं लगेच वर आणतेत. इतक्या दूर जाऊन मी दोन मिनिटांत वर आलो, तं पोरीले काय वाटंन?"

म्हणून पाण्यात घालायच्या कपड्याची निवड सुरू झाली, आणि ती एखाद्या लग्नाच्या बस्त्याइतकी लांबली. पार्सलं येत होती, परत जात होती. एक जाड रबरी पोशाख आला. तो काकांना पसंत होता, पण त्याने निम्मी बॅग खाल्ली. विमानात वजनाची मर्यादा, आणि काकूंनी लेकीसाठी मूगवड्या, जवसाची चटणी अन् तिळाचे लाडू बांधून ठेवलेले. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला, "तुमचं रबर काढा, माहे लाडू नाई निघणार." दुसरा कपडा इतका तलम की काका म्हणाले, हे तर बनियन झालं. तिसरा मात्र त्यांनी चिमटीत चोळला आणि डोळे मिटले. बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ लव, वजनाला हाफ स्वेटरएवढा आणि सावलीतही लवकर वाळणारा. तो त्यांनी तात्काळ ठेवून घेतला. माप अर्थातच आपल्या शास्त्राप्रमाणे मागवलेलं, दोन नंबर मोठं.

परीक्षा झाली आंजीला, त्यांच्या साळ्याच्या मळ्यातल्या विहिरीत. कमरेला दोर बांधून, साळ्याच्या हातात दुसरं टोक देऊन काका पायऱ्या उतरले. पाणी गळ्यातून आत शिरलं, पोटाशी साठलं आणि काका भरल्या पखालीसारखे फुगले. पाच मिनिटांत त्यांचे दात वाजायला लागले. आम्ही ओढून वर काढलं तर बाह्यांतून धारा लागलेल्या. साळा वांग्याच्या वाफ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "भाऊजी, तिकडं उभे राहा. भिजवण होऊन जाईन."

लेकीला फोन लावला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "बाबा, आत पाणी खेळत राह्यलं का थंडी वाजतेच. अंगाले चिकटूनच पाहिजे तो." चाळीस वर्षांचं शास्त्र असं एका फोनवर मोडलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मला दुकानात बोलावून टेप हातात दिला. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस हात वर करून माझ्यासमोर उभा राहिला. मी छातीभोवती टेप गुंडाळला आणि पाहतो तर त्यांची दोन बोटं आपसूक टेपखाली सरकलेली. मी ती काढली. ती पुन्हा सरकली. शेवटी मी म्हटलं, "काका, हात खिशात घाला."

नवा कपडा आला, सगळे लाडू बॅगेत बसले आणि काका-काकू जाऊन आले. आल्यावर काका मफलर लावून गल्ल्यावर बसले होते. मी विचारलं, "वाजली का थंडी?"

"नाई. पुरा अर्धा तास राह्यलो. खाली गेल्यावर तिनं माह्या गळ्यापाशी दोन बोटं घालून पायली. गेली नाई. मंग जमलं म्हणून अशी मान हालवली." काकांनी मान हलवून दाखवली. "तिचा कपडा कसा बसला होता बाप्पा अंगावर. माशासारखी फिरून राह्यली होती. तिथं बोलता येत नाई, हे बरं झालं. बोलता येत असतं तं म्या तिले घरी चाल म्हटलं असतं."

"आणि वर आल्यावर?"

"वर आल्यावर म्हटलंच नाई."

मी कपडा कुठे आहे ते विचारलं. काका मफलर सारखा करत म्हणाले, "तिच्या दोरीवर, तिच्या कपड्याच्या बाजूले वायत घातला होता. तसाच राहू देला."