मूळ गावाचा रकाना

मुलाणीसर एका जागी बसून बोललेले मला आठवत नाहीत. भोरच्या बाजारपेठेमागच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते सारख्या येरझाऱ्या घालत आणि चालता चालता आमच्या कामाची पिसं काढत. खेड्यातल्या वाचनालयांसाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा.

अट एकच. कोडला हात लावण्याआधी काय बदलायचं, का बदलायचं आणि दुसरा मार्ग का सोडला, हे लिहून आराखड्याच्या फाइलला जोडायचं. "कोड काय करतो ते कोडच सांगतो. का करतो ते कोण सांगणार? आपण काय जलमभर हितं असणार न्हाई," असं ते म्हणत. मी नुकताच इंजिनियर झालो होतो, हात शिवशिवत असत. मला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटे आणि तसं मी त्यांना तोंडावर ऐकवतही असे.

एकदा सर वेल्ह्याला गेलेले पाहून मी एक रकाना उडवला. सभासदाचा पत्ता असताना आणखी 'मूळ गाव' कशाला? त्याचं कारण आराखड्यात होतं, पण मी तो उघडलाच नाही. नवी आवृत्ती परस्पर विंझरच्या वाचनालयात बसवूनही आलो.

पुढच्या आठवड्यात सर मला एसटीने तिथे घेऊन गेले. धरणात गाव गेलेले एक आजोबा समोर बसले होते. आसपासच्या वाड्यांत पांगलेल्या गावकऱ्यांपैकी कोण कुठे राहतं, हे ते त्या रकान्यावरून काढून घेत. आता काहीच निघत नव्हतं.

"आमचं गाव ह्यातनंबी उठवलं व्हय?" त्यांनी विचारलं.

सरांनी हात जोडून चूक आमची असल्याचं सांगितलं. माझं नावही घेतलं नाही. स्वतःकडची नोंदींची जुनी प्रत चढवली, पण ती घेतल्यानंतर नोंदलेली माणसं तिच्यात नव्हती. परतताना ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आता ह्येबी लिही. का केलंस ते."

लिहायला बसलो, तेव्हा 'मला वाटलं' यापलीकडे काही सुचेना. सरांनी ते पान तसंच फाइलला जोडलं.

पुढे सर वारले. प्रोग्राम आता मी सांभाळतो, बदल पाठवणाऱ्यांकडे आधी आराखडा मागतो आणि त्यांच्या शिव्या खातो. सरांची सगळी कारणं त्या फाइलमध्ये शाबूत आहेत. त्या गावची काही माणसं मात्र अजून सापडलेली नाहीत. आजोबाही आता राहिले नाहीत, तरी विंझरला गेलो की मी त्या माणसांबद्दल विचारत फिरतो.