सरांचा थांबलेला प्रबंध

सराव पाठ रंगात आला, प्रोजेक्टरच्या उजेडात पोरं गुंग झाली, की आमचे सर मागच्या बाकावरून हळूच उठायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. "वीज गेली. आता शिकवा."

पेडगावच्या शाळेत माझ्या पाठालाही त्यांनी हेच केलं. मी फळ्याजवळ उभा राहिलो तो घंटा होईपर्यंत. बाहेर आल्यावर म्हणाले, "यंत्राच्या भरवशावर मास्तर व्हायलास का रे?" गुण मात्र भरपूर दिले.

परभणीतल्या एका अध्यापक महाविद्यालयात ते शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवायचे. पुढे मी तिथंच नोकरीला लागलो. वीज नसलेल्या शाळांत काय आणि कसं वापरायचं, यावर त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध टाइप होऊन तयार होता. द्यायचा तेवढा राहिला होता.

राहिला तो विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीमुळे. गावाकडं त्यांच्या भावाचं घर जाळलं. त्यानंतरच्या सभेत सर माइकवर बोलून गेले, "नामांतर झाल्याशिवाय मी या विद्यापीठाची पदवी घेणार नाही." टाळ्या पडल्या आणि माणूस अडकला. पीएच.डी. नाही म्हणून प्राचार्यपद दोनदा हुकलं. दर जयंतीला सत्कार तेवढा व्हायचा.

एकदा मी वैतागून म्हणालो, "सर, देऊन टाका ना. कोण विचारायलंय?"

"सगळेच विचारतेत. लय थकलो रे. पण जबान दिली. दर साली हार घालतेत, आता मागं कसं फिरू? आन् भावाला काय तोंड दाखवू?"

माझं काही जळालं नव्हतं. मी विद्यापीठाच्या जुन्या नावाखालीच पीएच.डी. घ्यायला निघालो आणि शाळांच्या नोंदींपाशी अडलो. गावोगाव फिरायचा मला कंटाळा. सरांनी आपल्या प्रबंधातलं तिसरं, शाळाशाळांत फिरून केलेल्या नोंदींचं प्रकरण काढून पुढं ठेवलं. "घे. पडून पडून कसर लागायलीय त्याला."

तुम्ही म्हणाल, नको म्हणायचं होतं. म्हणालो नाही. आभाराची एक ओळ टाकली, डॉक्टर झालो आणि त्याच जोरावर त्यांचा प्राचार्य. असा मी निगरगट्ट.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामांतर झालं. मी पेढे घेऊन गेलो, सरांनी माझ्या तोंडात पेढा घातला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले. त्यांची नोंदणी कधीच बाद झाली होती, मार्गदर्शक वारले होते. नव्या अर्जावर मार्गदर्शकाची सही हवी होती आणि त्या विषयाचा मार्गदर्शक जिल्ह्यात मी एकटाच.

"बसा ना सर."

ते उभेच राहिले. "तिसरं प्रकरण काढून टाकलंय. न्हाईतर म्हणतील, तुमच्यातून उचललं."

"मी लिहून देतो, सर. ते तुमचंच आहे म्हणून."

"मग तुमची डॉक्टरकी जाईल, खुर्ची जाईल. पोरीचं लग्न व्हायचंय तुमच्या. करा सही."

मी जास्त आग्रह धरला नाही. सही केली.

सर निवृत्त झाले त्याच आठवड्यात परीक्षकांचं पत्र आलं: शाळांच्या प्रत्यक्ष नोंदींवाचून हे संशोधन अपुरं आहे. मार्गदर्शक म्हणून पत्र माझ्या नावे होतं आणि ते सरांना द्यायचं काम माझंच होतं. मी ते शिपायाच्या हाती पाठवलं. त्यानंतर सर कधी महाविद्यालयात आले नाहीत, आणि त्यांच्या गल्लीत जायची माझी छाती झाली नाही.