मोठ्या बाईंचं फडकं

पडदा वर जातो. समोर जुन्या वाचनालयाची लांबट खोली. उंच खिडक्यांतून टेबलांवर पडलेलं तिरपं ऊन, करकरणारा पंखा आणि पिवळ्या पानांचा तो वास, जो आता कुठे मिळत नाही. काउंटरमागे आपली नायिका, नवी कोरी ग्रंथपाल. मदतीची एवढी हौस, की दारात माणूस दिसला की झडप घातलीच म्हणून समजा!

कोपऱ्यावरचे किल्लीवाले काका रोज कपाटांपर्यंत यायचे आणि मागे फिरायचे. एकदा धीर करून काउंटरशी आले. पुटपुटले, "सोपंसं काही आहे का? वाचताना अडखळायला होतं मला."

"सोपं ना? ते काय, लहान मुलांच्या कपाटात!" नायिका खणखणीत आवाजात म्हणाली. साऱ्या माना वळल्या.

काकांचे कान लाल झाले. "नातवासाठी हवं होतं," म्हणत ते तडक बाहेर पडले.

मोठ्या बाई, म्हणजे तिच्या वरिष्ठ, चष्म्यावरून बघत होत्या. "कसला नातू? मूलबाळच नाही त्यांना. बायको आपली जुनी वाचक. डोळे गेले बिचारीचे. तिला वाचून दाखवायला पुस्तक शोधतोय तो माणूस, आणि तू त्याला बालवाडीत बसवलंस!"

नायिका रडकुंडीला आली. "येतील का हो ते परत?"

"देव जाणे. आले तर इथून ओरडू नकोस." बाईंनी तिच्या हातात पुस्तकं पुसायचं फडकं कोंबलं. "बुजऱ्या माणसाशी समोरासमोर बोलायचं नाही. शेजारी जाऊन पुसत राहायचं. तुझीही नजर पुस्तकावर, त्याचीही पुस्तकावर. मग जीभ सैल होते."

त्यानंतर दार वाजलं की ती मान वर करून बघायची. दर वेळी दुसरंच कुणीतरी. अखेर एका दुपारी काका आले, पण दारातच घुटमळले. ती काउंटर सोडून कथांच्या कपाटाशी गेली आणि स्वच्छ पुस्तकं पुन्हा पुसू लागली. हळूहळू काका शेजारी येऊन उभे राहिले.

"यातल्या गोष्टी छोट्या आहेत," ती पुस्तकालाच सांगावं तशी म्हणाली.

काकांनी मान तिरकी करून पुस्तकाकडे पाहिलं. मग, "अक्षर मोठं आहे?"

"बघा की."

त्यांनी पान उघडलं. ओठ हलले. "हिला आवडेल?"

"मोठ्या बाई म्हणतात, काकूंचं पाठ आहे हे. किती वेळा नेलंय!"

काकांचा चेहरा उजळला. "मग काळजी नाही. मी अडलो की पुढचं तीच सांगेल!" आणि पुस्तक छातीशी धरून गेले.

काय दिवस होते! मोठ्या बाई गेल्या, पंखाही गेला. नायिकेचे केस पिकले, आणि निरोपसमारंभाच्या दिवशी तिला त्याच खोलीत भाषणाला उभं केलं. समोर सगळा गोतावळा. पहिल्या रांगेत तिच्या जागी आलेली मुलगी जोरजोरात टाळ्या वाजवत होती. पण नायिकेची नजर दाराकडे. तिथे एक बाई उंबऱ्यात पाय ठेवून, गर्दी बघून मागे वळत होत्या.

भाषण राहिलंच. ती त्या मुलीला म्हणाली, "अगं, टाळ्या कसल्या वाजवतेस? त्या बाई परत निघाल्या बघ. ऊठ, फडकं घे!"