व्हर्सायचा तह आणि पेठेतला गोल

मी कमी बोलते. घरी पाहुणे आले की मी चहा नेऊन ठेवते आणि कप गोळा करायला परत येते. मधल्या वेळात मी घरात नसतेच असं पाहुण्यांना वाटतं. अशा माणसाला त्या वर्षी नोकरी हवी होती ती बोलण्याचीच. स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासला इतिहास शिकवणारं कुणीतरी हवं होतं. त्यासाठी आधी एक डेमो लेक्चर द्यायचं होतं, तेही मराठीतून. जमलं तर कोल्हापुरात राहायचं, नाही तर पुण्याला मावशीकडे जाऊन तिकडं काहीतरी बघायचं, असं घरी ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आईनं मावशीला फोनवर सांगून टाकलं होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं. ते मी कुणाला बोलले नव्हते.

विषय मिळाला दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांचा. तो मला चांगला येत होता, पण इंग्रजीत. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा मराठी बोललेलं चालायचं नाही, त्यामुळे डोक्यात सगळा युरोप इंग्रजीच बोलायचा. आई भाकरी थापत होती, तिच्यासमोर उभं राहून मी सराव केला.

"एकोणीसशे एकोणतीस साली जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला..."

"एकोणतीस की एकोणचाळीस?"

मी मनात हिशेब केला. "थर्टी नाइन."

"म्हणजे एकोणचाळीस. दहा वर्षं आधीच लावलंस की युद्ध." तिनं भाकरी उलटली. "तिथं आकडे फळ्यावर लिही, बोलू नको."

क्लास पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. हॉल भरलेला होता. क्लास चालवणारे सर अगदी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. मी फळ्याला चिकटूनच सुरुवात केली. व्हर्सायचा तह, त्याच्या अटी, राष्ट्रसंघाची स्थापना. माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नव्हता. चौथ्या बाकावर एकानं एवढी मोठी जांभई दिली की माझं वाक्यच मोडलं.

तेवढ्यात मला खिडकीकडच्या एका मुलाची फुटबॉलची जर्सी दिसली. सामन्यांचा हंगाम नुकताच संपला होता. आम्ही शहराच्या कडेच्या कसबा बावड्याचे, कुठल्याच पेठेचे नाही. पेठांमधली ईर्षा आम्हाला पेपरात वाचून माहीत. पण कोल्हापुरात फुटबॉल कळत नाही असं कुणी असतं का? म्हटलं, तहात जर्मनीचं काय झालं त्याला हेच उदाहरण द्यावं.

"समजा, मॅचनंतर दोन पेठांत भांडण झालं. मिटवायला सगळे बसले, पण एका पेठेला बैठकीत घेतलंच नाही. बाहेर उभं केलं आणि शेवटी कागद पुढं केला. सगळी चूक तुमची, सही करा."

"समजा कशाला मॅडम?" जर्सीवाला उभाच राहिला. "आमच्याबरोबर असंच झालंय की!"

"मग चूक हुतीच तुमची!" भिंतीकडून आवाज आला. "पयला दगड कुणी मारला?"

"गोल ढापल्यावर काय फुलं टाकायची व्हय?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. खिडकीकडं एक पेठ बसली होती, भिंतीकडं दुसरी, आणि मधे गावाकडून बसनं येणारी मुलं. माझं 'समजा' खरोखर घडून गेलेलं होतं. मी "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिले. ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

सर उठले. "ए, खाली बसा सगळे!" सगळे धपाधप बसले. पुण्याची बस मला डोळ्यांसमोर दिसली. सरांनी एकवार सगळीकडं पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "आणि तो गोल ऑफसाइडच होता."

मग जो दंगा झाला तो खालच्या दुकानातल्या भांड्यांनीही ऐकला असेल.

मधल्या बाकावरची एक मुलगी वैतागून ओरडली, "मॅडम, द्या की त्यांना त्यो गोल! एक गोल दिला की गप बसतील. मला बस गाठायची हाय!"

"एकानं काय हुतंय?" जर्सीवाला म्हणाला. "आधीच्या मॅचचाबी बघाय लागतोय मग!"

मला हसूच फुटलं.

"हेच!" मी म्हणाले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, कारण सरांनी दचकून पाहिलं. "हेच म्युनिकला झालं. जर्मनीला एक प्रदेश दिला की गप्प बसेल, असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांनाच बस गाठायची होती."

त्यानंतर टिपणांचा कागद बघायची गरज पडली नाही. जपाननं मांचुरिया घेतला तेव्हा राष्ट्रसंघानं काय केलं? ठराव केला. जपान बैठकीतून उठून गेला. इटली अबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसली तेव्हा? "राष्ट्रसंघाकडं शिट्टी होती," मी म्हणाले, "पण वाजवणारेही कुठल्या ना कुठल्या पेठेचेच होते." सगळी मुलं मान वळवून सरांकडं बघायला लागली. सर पंख्याकडं बघत होते.

"पण मॅच पुढच्या वर्षी परत होते," मी म्हणाले, आणि युद्धाचं साल लिहायला खडू उचलला.

गडमुडशिंगीचा एक मुलगा मधल्या बाकावरून म्हणाला, "आमचं पणजोबा गेलतं त्या लढाईला. परत आलं न्हाईत. घरात फोटोबी न्हाय."

खिडकीकडच्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. भिंतीकडच्यांनीही. माझ्या कागदावर भारतीय सैनिकांबद्दल एक ओळ होती, अगदी तळाशी. मी ती वाचली नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत १९३९ लिहिलं आणि खडू ठेवला.

जिन्यात सरांनी गाठलं. "सोमवारपासून या. पण फुटबॉल नको."

"बरं सर."

"आणि तो ऑफसाइडच होता. तुम्हाला काय वाटतं?"

"मी बावड्याची आहे, सर."

घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं आधी विचारलं, "युद्ध कधी लावलंस?"

"एकोणचाळीसला."

"मग मावशीला तूच कळव," असं म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. "बोलायला येतंय की आता."

पलीकडं रिंग वाजायला लागली होती.