समोरच्याची भूक

लातूरपासून देगलूरपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या मामांनी चहा घेतलेला नाही असं घर असेलच, तर ते एक तर कुलूप लावलेलं असणार, नाही तर अजून बांधून व्हायचं असणार. मामा सोयरिकी जुळवतात. हा त्यांचा धंदा नव्हे. धंदा किराण्याचा, आणि तो आता त्यांचा मुलगा बघतो. सोयरिकी ते हौसेनं जुळवतात आणि त्याबद्दल कुणाकडून काही घेत नाहीत. म्हणजे खाण्याशिवाय काही घेत नाहीत. स्थळ बघायला गेलं की चुरमुऱ्यांची सुशीला, बोलणी पुढं सरकली की धपाटे आणि दही, जमत आलं की गव्हाची गोड हुग्गी आणि तिच्यावर तुपाची धार. मोडलं तरी चहा असतोच, कारण मोडलेल्या घरातून माणूस कोरडाच उठून गेला तर पुन्हा त्या घरात पाय कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. अशा रीतीनं वर्षानुवर्षं लोकांचे संसार उभे करता करता मामा स्वतः आडवे वाढत गेले. त्यांच्या सदऱ्याच्या पोटावरच्या गुंड्या मला नेहमी काळजीत पडल्यासारख्या दिसायच्या.

मी शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातली. बारावीनंतर बीएस्सीसाठी लातूरला आले आणि मामांच्याच घरी राहिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळं मामांची अशी समजूत होती की मला सगळंच शिकवत असतील. ते भाकरीचा तुकडा हातात धरून विचारायचे, "पोरी, तू शिकतीस. सांग बरं, पाणी पिल्यानं माणूस फुगतो का?" मला खरंच नीट माहीत नसायचं. मी म्हणायचे, "मामा, मॅडमना विचारून सांगते." यावर ते मामींकडं अभिमानानं बघायचे आणि म्हणायचे, "बघ. शिकलेली माणसं लगेच बोलत न्हाईत." मी कॉलेजातल्या मॅडमना विचारायचे, वाचनालयात पुस्तकं उलटीपालटी करायचे आणि जे सापडेल ते भीत भीत सांगायचे. खाण्यापिण्याबद्दल मला जे थोडंफार कळतं ते असं मामांमुळं कळलं. त्यांना पोट होतं आणि मला प्रश्न पडायचे.

या चौकशांना कारण होतं. एकदा उदगीरला जाताना एस.टी.च्या पहिल्या पायरीवर मामांचा उजवा गुडघा अडून बसला. मागून कंडक्टरनं आणि वरून एका बाईनं हात दिला तेव्हा मामा आत पोचले. मामी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेल्या, सोबत मीही होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले की साखर काठावर आलेली आहे, गुडघे वजन पेलत नाहीत, आणि असंच चालू राहिलं तर फिरणं बंद होईल. उपाशी राहू नका, वेळेवर जेवा, भाकरी-भाजी-वरण पोटभर पण बेतानं खा, गोड आणि तळलेलं सोडा, पाणी भरपूर प्या, रोज चाला, आणि मुख्य म्हणजे मन पक्कं करा. मामांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि एकच शंका विचारली, "डाक्टरसाहेब, हे बाहेर कुणाला सांगावं लागत न्हाई ना?"

घरी आल्यावर मी विचारलं, "मामा, सांगितलं तर काय बिघडतं?" ते पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मग म्हणाले, "अगं, मी गेलो की घरात चूल पेटती. बाई पदर खोचून उठती. मामा आलेत म्हणती. उद्या कळलं की ह्या माणसाला काही चालत न्हाई, तर पाण्याचा तांब्या पुढं करतील आन् वाटंला लावतील. मग मी जाऊन करू काय?" मामांना आजाराची भीती नव्हतीच. त्यांना दोन्ही पाहिजे होतं, चालणारे गुडघे आणि पेटलेली चूल. दोन्ही एकत्र कसं जमवायचं, याचे उपाय ते त्या दिवसापासून शोधू लागले.

पहिलं म्हणजे वजन. दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तो माणसांचा काटा हाय, मन राखतो," असं म्हणून ते दर आठवड्याला ओळखीच्या आडतीवर जायचे आणि सोयाबीनच्या पोत्यांमध्ये उभे राहून पोत्यांच्याच काट्यावर चढायचे. एकदा मी सोबत होते. निघताना मामा तांब्याभर पाणी पिऊन आले होते, त्यामुळं काटा उलट वरच गेला. मामा अस्वस्थ झाले. "हे पाण्याचं हाय, माझं न्हाई," ते तोलणाऱ्याला सांगू लागले. तो तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला, "मामा, मालात ओल लई हाय. ओलीचं कापून धरू का?" सगळे हमाल हसले. मामाही हसले, आणि वर त्याला खरंच विचारलं, "किती कापशील?"

पाण्यामागंही युक्ती होती. कधी कधी तहान लागलेली असते आणि आपल्याला भूक वाटते, हे मी मॅडमना विचारून सांगितलं होतं. मामांना ते फार आवडलं. कुणाच्याही घरी टेकले की ते आधी पाणी मागायचे, पुन्हा मागायचे, आणि पाण्याची तारीफ करत तिसऱ्यांदा मागायचे. "काय गोड पाणी हाय हो तुमच्या बोअरचं." पोटात जागाच उरली नाही की सुशीला आपोआप कमी जाईल, असा हिशेब. युक्ती चांगली होती, पण परतीच्या बसचा विचार त्यात नव्हता. निलंग्याहून येताना मामांनी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली, आणि थोड्या वेळानं पुन्हा लावली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मामा, तुम्ही स्थळं बघत चाललाव का झाडं?"

मग ताटाची युक्ती निघाली. वाढणाऱ्याचा हात रिकाम्या ताटाकडं वळतो, म्हणून ताट रिकामं होऊच द्यायचं नाही. मामा एकेक घास इतका चावायचे की बाकीच्यांचे हात धुऊन व्हायचे तरी त्यांची अर्धी सुशीला तशीच असायची. सावकाश खाल्लं की पोट भरल्याचं लवकर कळतं, हे खरंच आहे, आणि मामांना तसा अनुभवही आला. पण एका घरी तिथल्या बाई दाराआडून बघत होत्या. आधी त्यांनी मीठ आणलं. मग लिंबू आणलं. मग दाण्याचा कूट आणला. तरी ताट सरेना म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळात ताज्या उपम्याचा वास आला. मामांनी तो उपमा संपवला. "तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं," ते मला म्हणाले, "डाक्टरांनी ह्याच्यावर काय सांगितलं न्हाई."

सोमवारचा उपवास ते महादेवासाठी धरतात. आता तो वजनासाठीही धरू लागले. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा आणि वर अर्धापूरची केळी. मी चाचरत म्हणाले, "मामा, सोमवारी तुम्ही इतर दिवसांपेक्षा जास्त खाताय." ते म्हणाले, "हाव, पण उपाशी पोटी खातो ना." मामी आतून म्हणाल्या, "महादेवाला ठावं हाय सगळं."

पण मन पक्कं करा, हे डॉक्टरांचं वाक्य मामांनी खरोखर मनावर घेतलं होतं. ताटापुढं बसले की ते डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचे, भूक कुणाला लागली हाय? पोटाला का तोंडाला? एकदा चालून परत येताना ते अचानक थांबले आणि म्हणाले, "पोरी, मला एक कळलं. पोटाची भूक येगळी, तोंडाची येगळी. पण मी फिरायला जातो ना, तिथं ह्या दोन्ही नसतात. तिथं समोरच्याची भूक असती. त्याला मला खाऊ घालायची भूक. तुमच्या पुस्तकात हाय का ती?" मी पुष्कळ शोधलं. कोणत्याच पुस्तकात ती मला सापडली नाही.

कंधारजवळच्या एका गावातली मुलगी आणि उदगीरचा मुलगा, अशी सोयरीक मामांनी फार मनापासून जुळवत आणली होती. शेवटच्या बैठकीला मामींना जमलं नाही, आणि सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मी गेले. सगळं ठरलं. मुलीच्या वडिलांनी पेढ्यांचं ताट आणलं. आमच्यात मध्यस्थानं पहिला पेढा खाल्ला की सोयरीक पक्की. त्याच्या आधी कुणी ताटाला हात लावत नाही. मामांनी पेढा उचलला, तोंडापर्यंत नेला, रुमालात खोकल्यासारखं केलं आणि पेढा सदऱ्याच्या खिशात गेला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. बसमध्ये मामांनी तो काढून माझ्या हातावर ठेवला. "खा. साखर न खाता सोयरीक केली आज." इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलं होतं.

मग फोन आला. मुलीचे वडील अडखळत म्हणाले, "जरा थांबू म्हणून राहिले घरचे." मामांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मुलीच्या आजीनं सगळं पाहिलं होतं. आजीचं म्हणणं साधं होतं. ज्या माणसानं इतक्या सोयरिकींचे पेढे खाल्ले, त्यानं आमचाच खिशात घातला, म्हणजे पोराचं काहीतरी त्याला ठाऊक आहे आणि बोलायची चोरी झाली आहे.

मामांनी फोन ठेवला आणि खाली बसले. मामी म्हणाल्या, "अवो, सांगून टाका की फोनवर. साखर हाय म्हणावं."

"फोनवर कसं सांगू? पोराचं नाव खराब होऊलालंय माझ्यामुळं."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुन्हा निघाले. त्यांना कशाची भीती वाटतेय ते मला कळत होतं. इतके महिने लपवलेली गोष्ट ते आता ज्या घरात सांगायला निघाले होते, तिथून ती सगळ्या पट्ट्यात जाणार होती.

आजी ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मामा समोर उभे राहिले. "आजी, पोरगा चांगला हाय. खराब मी हाय."

आजींनी सुपातला हात थांबवला. "काय झालं तुम्हाला?"

"साखर. काठावर हाय."

"काठावर म्हंजे?"

"म्हंजे अजून पडलो न्हाई. पेढा खाल्ला की पडतो."

आजींनी सूप बाजूला ठेवलं. "मग तवाच सांगावं की. आम्ही काय बळंच चारलं असतं का?"

"हाव, चारलं असतं."

आजींनी थोडा विचार केला. "चारलंच असतं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच आधी हसल्या. मग विचारलं, "पेढा गेला कुठं?"

"हिनं खाल्ला. भाची हाय माझी."

"कसा होता गं?"

"चांगला होता," मी म्हणाले.

"मग झालं. घरच्या लेकीच्या तोंडात पडलाय. पक्की धरा." आणि मामांच्या पुढं त्यांनी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि बिनसाखरेचं ताक ठेवलं.

सोयरीक झाली. मामांच्या साखरेची बातमीही झाली, आणि ती त्यांच्या बसच्या आधी पोचू लागली. लोक चांगले होते. कुणी वाटेला लावलं नाही. उलट सगळे काळजी घेऊ लागले. दारात पाऊल टाकताच आतून आवाज यायचा, "मामांना काही करू नका गं, त्यांना चालत न्हाई." मग एका ताटलीत काकडी यायची. ताटली संपली की ती उचलली जायची. कुणी आणखी घ्या म्हणायचं नाही. मामांचं वजन हळूहळू उतरलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. एस.टी.ची पायरी ते आता दांडा न धरता चढायचे. संध्याकाळी घरी आले की मामी विचारायच्या, "काय केलं होतं तिथं?" मामा पाय धुता धुता म्हणायचे, "काकडी." एवढंच.

एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो. मामांनी आपली भाकरी, भाजी, वरण बेतानं संपवलं, ताक प्यायले. मामी भाकरीचं टोपलं उचलून आत निघाल्या.

"टोपलं नेलं का?" मामा म्हणाले.

"तुमचं झालं की."

"झालंच हाय. पण विचारावं माणसानं."

मामी परत आल्या आणि टोपलं त्यांच्या पुढं धरलं. "घ्या, अर्धी घ्या."

मामांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "न्हाई, न्हाई. पोट भरलं."

"चतकोर तरी घ्या. कोवळी हाय ज्वारी."

"अजिबात न्हाई."

"माझ्यासाठी एक घास, मामा," मी म्हणाले.

"तुम्ही दोघी मिळून मारताव मला," मामा म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखे उठून चूळ भरायला गेले.

आता मी एमएस्सीसाठी नांदेडला असते. इथल्या मेसमध्ये बाई भाजीचा डाव ताटात उलटा करतात आणि पुढच्या मुलीकडं बघतात. मामांच्या जेवणाच्या वेळेला मी फोन करते. काय जेवलात, किती चाललात, पाणी पिताय ना, हे विचारून होतं. मामा सगळं नीट सांगतात. मग मी म्हणते, "मामा, आणखी थोडं घ्या की." ते म्हणतात, "नको माय, लई झालं." आणि फोन ठेवत नाहीत. पलीकडं मामींनी टोपलं आत नेल्याचा आवाज येतो, तरी ते फोन धरून वाट बघत असतात. तेव्हा मी पुन्हा म्हणते, "असं कसं, मामा? अर्धी तरी घ्या."