साबणाने धुतलेला नारळ

त्या म्हाताऱ्याचं तोंड मी कधीच पाहिलं नाही. कोरोनाच्या दिवसांत नाकापर्यंत पंचा गुंडाळून तो आला. वर फक्त दोन पांढऱ्या भुवया. नाव त्याने पंच्यातच पुटपुटलं, ते तिथेच राहिलं.

त्याला बोलावलं माझ्या बायकोने. मुंबईहून आलेल्या शेजाऱ्याच्या धास्तीने मी विहिरीच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या, आणि त्याची आई लांबच्या वळणाने पाणी आणत होती. आसपासच्या गावांतली भांडणं हा म्हातारा देवळात बसवून मिटवायचा. देवळं बंद, म्हणून त्याने नारळ माझ्या आणि शेजाऱ्याच्या अंगणांमधल्या दगडी गडग्यावर ठेवला.

"ज्याच्या हातात नारळ, तेनाच बोलूचा. दुसऱ्यान तो साबणान धुवन घेवचो, मगेच तोंड उघडूचा."

मी दहा शिव्या ठरवून आलो होतो. पण नारळाच्या शेंडीतला फेस काढता काढता दर खेपेला दोन-दोन विसरत गेलो. त्यात म्हातारा "शेंडी धुवची रवली" म्हणत पुन्हा धुवायला लावी. पाचव्या खेपेला माझ्याकडे एवढंच उरलं, "चुकलो रे. काटे आताच काडतंय."

"नारळ पैल्याच खेपेक स्वच्छ झालेलो," पंच्यातून आवाज आला. "माका तुमची तोंडा धुवची होती."

नारळ पिशवीत टाकून तो गेला.

आजही घरात माझा आवाज चढला, की बायको भांडत नाही. नारळ आणि साबणाची वडी माझ्यासमोर आणून ठेवते.