अंगठे आधी, अक्षरं मागून

बरीच वर्षं मी एका नोटरी वकिलांकडे लिहिण्याचं काम केलं. तालुक्याच्या गावात, कचेरीसमोरच्या टिनाखाली आमचं टेबल होतं. कागदावर सही-शिक्का साहेबांचा, वही माझी. वहीचा नियम सोपा होता. माणूस समोर बसलेला असतानाच त्याचं नाव, गाव, कागद कशाचा ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. कागद माणूस घेऊन जातो, आमच्याकडे ती एक ओळ राहते. उद्या कागद हरवला, कुणी फाडला, तर तीच ओळ साक्ष देते.

पण बाजाराच्या दिवशी हा नियम पाळतो कोण, बाप्पा! लोकांना एसटी पकडायची असायची. मग आम्ही आमची रीत काढली होती. कोऱ्या ओळीत अंगठा घ्यायचा, बाकीचं चिठ्ठीवर टिपायचं, आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की चिठ्ठ्या पाहून वही भरायची. साहेबांना माहीत होतं. तेही म्हणायचे, "अंगठे घ्या आधी, अक्षरं कुठं पळून चालली!"

असल्याच एका बाजारात रोहिणखेडकडचं एक जोडपं आलं. दोघंही मजूर. तिला पहिल्यानं टाकलेलं, याची पहिली वारलेली. चार माणसांसमोर पाट लावून दोन वर्षं झालेली, पण कागद म्हणून एकही नाही. राशन कार्डात तिचं नाव घालायचं होतं, म्हणून 'आम्ही नवरा-बायको आहोत' असं प्रतिज्ञापत्र करायला आलेले. अंगठा लावताना ती लाजली. तो म्हणाला, "लाव न वं, आता काऊन लाजतं? आता तं सरकारच सांगून राह्यलं, तू माही बायको हायस म्हनून." तिनं त्याला कोपर मारलं. मी हसले आणि वही पुढे केली. खाली-वर दोन निळे अंगठे उमटले.

त्या संध्याकाळी माझं आणि शेजारच्या स्टॅम्पवाल्याचं टेबलाच्या जागेवरून भांडण झालं. मी तापट, आजही आहे. चिठ्ठ्या तशाच टेबलावर टाकून, पिशवी उचलून मी तरातरा घरी गेले. सकाळी येऊन पाहते तर झाडणारीनं टेबल पुसून लख्ख केलेलं. केरातून चिठ्ठ्या वेचल्या, त्या जोडप्याची तेवढी सापडली नाही. चेहरे आठवत होते, नावं काही केल्या आठवेनात. साहेब म्हणाले, "येतील पुन्हा, तेव्हा भरू." ती ओळ तशीच राहिली. वर्षाच्या शेवटी सरकारला तपशील पाठवताना मी ती 'इतर' मध्ये ढकलली आणि विसरले. होय, विसरले. खोटं कशाला बोलू?

पुढचं साल गुलाबी बोंडअळीचं. बीटी कपाशीला फवारा लागत नाही, असं सांगत बियाणं गावोगाव खपलेलं, आणि त्या साली लोकांच्या पाठीवरचे पंप काही उतरेनात. त्या जोडप्यातला नवरा दुसऱ्यांच्या वावरात फवारणीलाच जायचा. कपाशीच्या छातीएवढ्या पऱ्हाटीत, तोंडाला नुसतं उपरणं बांधून. एक दिवस डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून बांधावर बसला, तो पुन्हा उठला नाही.

तेराव्यानंतर ती आली. एकटीच. दिरांनी तिला घराबाहेर काढलं होतं. म्हणत होते, ही बायको नाही, ठेवलेली. प्रतिज्ञापत्र तिनं पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. कापूस निघाला की जाऊ राशन कार्डासाठी, असं ठरलेलं. ते दिरांनी चुलीत घातलं, असं ती सांगत होती.

"कागद जयला त जयला," ती म्हणाली. "तुमच्या वहीत तं असन न ताई? ते दाखवा, मंग कोन मले ठेवलेली म्हनते ते पायतो."

तोपर्यंत मला ओळ आठवली नव्हती. पानं उलटत गेले आणि ती ओळ आली. दोन अंगठे, आणि बाजूचे रकाने कोरे.

तिनं त्याचा अंगठा लगेच ओळखला. बोंडं वेचून वेचून त्याच्या अंगठ्याला पडलेली आडवी चीर शाईत उतरली होती. तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग बाजूला बोट नेलं. "आन इथं?"

मी पेन उचललं. लिहिणारच होते. साहेबांनी माझा हात धरला. "बाई, आता लिहिलं तर ते खोटं. आपण तर जाऊच, हिचं खरंही खोट्यात जाईल." ते बरोबरच बोलत होते. त्यांचं ते बरोबर असणं मला आजही सहन होत नाही.

मी तिच्या गावाला गेले. पारावर चार लोकांत सांगितलं की हे दोघं माझ्यासमोर नवरा-बायको म्हणून बसले होते. थोरला दीर म्हणाला, "मंग वहीत दाखव." मी काय दाखवणार, कपाळ? बैल गेला अन् झोपा केला. ती संग्रामपूरकडे बहिणीच्या गावी निघून गेली. मी मात्र त्या दिवसापासून बाजार असो की जत्रा, लिहिल्याशिवाय अंगठा घेतला नाही. तिला त्याचा काय उपयोग?

दोनेक वर्षांनी ती पुन्हा आमच्या टिनाखाली आली. बहिणीच्या गावी तिला एकटीचं राशन कार्ड काढायचं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. तिकडे तिला कुठलाही नोटरी भेटला असता. एवढ्या दुरून ती माझ्याकडेच का आली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वही उघडली. तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग खाली मान घालूनच विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"तुमच्या वहीत जे हाय, तेच लिवा," ती म्हणाली.

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. ती खरंच म्हणत होती, की वहीत जे असेल तेच खरं धरू. वहीत कोरंच होतं. मी ही जागाही कोरी सोडली, आणि तिनं अंगठा लावला.